फ्रिस्कोतला फुंगा

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. न्यू यॉर्कचा पुतळा? तोही नाही. मग एवढे महिने तिथे केलं काय? टेक्ससमध्ये एका मागच्या अंगणात पेकनच्या टरफलांची चूल पेटवली आणि अर्धी गोष्ट ऐकली, असं खरं खरं सांगितलं की लोक चहाचा कप तोंडाला लावतात आणि विषय बदलतात. बदला बाप्पा! मी लिहून काढते, म्हणजे मध्ये कुणी नायगारा आणायला नको.

सनीव्हेल

माझ्या पायाला मुळातच भिंगरी आहे, आणि माझ्या लेकाने, निखिलने, मला नेऊन ठेवलं ते सनीव्हेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये. २००६ चा ऑक्टोबर होता. सकाळी तो कंपनीच्या शटलने जायचा, सूनबाई अमृता कार घेऊन जायची, आणि मी, एक जाड गालिचा आणि आवाज न करणारा फ्रिज, एवढे घरात उरायचो. दार उघडून बाहेर बघावं तर माणूस नाही. एकदा कंटाळून कॅलट्रेनच्या स्टेशनापर्यंत चालत गेले आणि बाकावर बसून गाड्या बघत राहिले. परत येताना एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "आर यू लॉस्ट?" चालणारी म्हातारी म्हणजे हरवलेलीच असणार, असा तिथे समज आहे. मला असा राग आला म्हणता! चांगली भाजी मंडईतून दोन पिशव्या भरून आणणारी बाई मी, मला हरवलेली म्हणते!

रात्री जेवताना निखिलचं एकच पालुपद. "आई, तू आता इथेच राहा ना. नागपूरचं घर ठेवून करायचंय काय? बाबा गेल्यापासून तू एकटीच तर असतेस."

"बघू," मी म्हणायची आणि आमटी वाढायची.

"बघू नको, डिसाइड कर यार आई."

मी पुन्हा आमटी वाढायची. त्याची वाटी ओसंडायला लागली की तो गप्प बसायचा.

अशातच एका संध्याकाळी टेक्ससहून फोन आला. "काकू, मी इबोम्चा बोलतोय. ओळखलं का?"

न ओळखायला काय झालं? पण तुम्हाला तो कोण ते सांगायला हवं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या यांची बदली इंफाळला झाली होती, टेलिफोन खात्यात. निखिल तेव्हा मांडीवर होता. आमच्या क्वार्टरच्या कुंपणापलीकडे तिथल्याच एका मैतेई कुटुंबाचं घर होतं. घरातली बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नाव तोंबी. मी तिला सगळ्यांसारखी इमा म्हणायची, म्हणजे आई. इबोम्चा तिचा एकुलता एक मुलगा, सहा-सात वर्षांचा. तिच्या घरात मधल्या खोलीत जमिनीवरच एक चूल होती, तिला ते फुंगा म्हणतात. त्यात भाताचा तूस घातलेला असायचा, तो दिवसरात्र आतल्या आत धुमसत राहायचा. फुंगा विझू द्यायचा नाही, असं इमाचं म्हणणं. संध्याकाळी आजूबाजूची पोरं त्याच्याभोवती जमायची आणि इमा गोष्टी सांगायची. फुंग्यापाशी सांगायच्या म्हणून त्या गोष्टींना फुंगा वारी म्हणतात. वारी म्हणजे त्यांच्याकडे गोष्ट, चालत जायची वारी नव्हे.

मला मैतेई भाषा येत नव्हती. इमाचं हिंदी तोडकंमोडकं आणि माझं मराठीच्या वळणाचं. पण गोष्टीला तेवढं पुरतं. शिवाय तिचा एक नियम मला ओळखीचा होता. आपल्याकडे कसं, ऐकणाऱ्याने "हूं" म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही? तसंच इमाकडे "होइ" म्हणावं लागायचं. होइ म्हणजे हो. सगळ्या मैतेई घरांत असं असतं की नाही, कोण जाणे. पण इमा वाक्य संपलं की थांबायची आणि "होइ" आलं तरच पुढे जायची. आणि ते म्हणायचा मान इबोम्चाचा, घरचा मुलगा म्हणून. दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालायचं नाही.

त्यातली एक गोष्ट मी कधीच पुरी ऐकली नाही. सावत्र आईच्या जाचाला कंटाळलेली एक मुलगी. बाप दूरदेशी कामाला गेलेला. वरून धनेश पक्ष्यांचे थवे जायचे. मुलीने त्यांना सांगितलं, एकेक पीस टाका रे माझ्यासाठी. त्यांनी टाकलं. तिने ती पिसं अंगाला शिवली आणि पक्षी होऊन उंच झाडावर जाऊन बसली. मग बाप परत आला, झाडाखाली उभा राहून तिला हाका मारू लागला. इथे इमा थांबायची, आणि इबोम्चा दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायचा. काही केल्या "होइ" म्हणायचा नाही. म्हटलं तर ती मुलगी उडून जाईल ना! इमा हसायची, आणि गोष्ट तिथेच राहायची. दर वेळी. मग आमची बदली झाली.

पुढे हाच इबोम्चा इंजिनियरिंगला पुण्यात होता. दिवाळीला नागपूरला आमच्याकडे यायचा, चिवड्याचे डबे रिकामे करायचा. आता टेक्ससमध्ये मोठ्या नोकरीवर आहे, ऑफिसात त्याला आयबी म्हणतात.

"काकू, इमा इथे आहे माझ्याकडे, दीड वर्ष झालं," तो फोनवर म्हणाला. "आता परत जाते म्हणतेय. शनिवारचं तिकीट आहे. माझ्याशिवाय कुणी नाही तिला. तिथे बंद, कर्फ्यू, बीपीची गोळी मिळत नाही कधी कधी. काही झालं तर मला पोचायला किती वेळ लागेल, तुम्हीच सांगा. मला तिकीट कॅन्सल करायचंय, पण ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. प्लीज या ना."

"मी काय वकील आहे?" मी म्हटलं. पण मनात म्हटलं, चला, गालिच्यातून सुटका!

निखिलने लगेच तिकीट काढलं. इतक्या आनंदाने काढलं की मला संशयच आला. इमाला राहायला पटवता पटवता मीही पटेन, असा लबाडाचा हिशेब असणार.

फ्रिस्को

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को म्हणून गाव आहे. गाव कसलं, कालपरवा उगवल्यासारखं. घरं इतकी नवी की दारासमोरच्या झाडांना अजून काठ्यांचे आधार. आणि आभाळ! कुठे डोंगर नाही, टेकाड नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं आभाळ. मध्येच एखादं शेत, त्यात गाई चरतायत, आणि त्यांच्या पाठीमागे दुकानांचा चकचकीत मॉल. त्या गाईंकडे पाहून मला बरं वाटलं. त्याही बिचाऱ्या इथे आणखी किती दिवस, अशाच उभ्या होत्या.

इमा दारातच होती. अंगावर फनेक, म्हणजे त्यांचं लुंगीसारखं नेसायचं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र, वरून पांढरी ओढणी, नाकापासून कपाळापर्यंत चंदनाची रेघ, आणि पायात नातीचे जुने गुलाबी बूट. मला पाहून तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. सत्तावीस वर्षं झाली असतील. केस पांढरे झाले, दात गेले, पण डोळे तेच, मिस्कील.

"शैला, तू जाडी झालीस," ती म्हणाली.

"आणि तू वाळलीस," मी म्हटलं. दोघीही रडलो. रडायचं काय त्यात, पण आलं रडू.

घरात तिची सून मेमचा हॉस्पिटलमध्ये नर्स, दिवसभर ड्यूटीवर. नात लिन्थोई नऊ वर्षांची, शाळेत लिन. तिला मैतेई समजते, बोलते मात्र इंग्लिश. मला पाहून "हाय काकू!" म्हणाली. बापाने शिकवलं असणार.

दिवाणखान्यात भिंतीत एक फायरप्लेस होतं. इबोम्चा कौतुकाने म्हणाला, "काकू, हे बघा. इमासाठी हेच घर घेतलं मी, फायरप्लेस आहे म्हणून." आणि भिंतीवरचं बटण दाबलं. भक्कन ज्वाळा उठल्या. आत सिमेंटची लाकडं होती, हुबेहूब, पण जळत नव्हती. ज्वाळा त्यांच्यावर नुसत्या नाचत होत्या.

इमाने ओढणी सावरली. "याची राख कुठाय?" तिने विचारलं.

"राख नसते इमा, गॅस आहे."

"मग हा फुंगा नाही." ती उठून स्वयंपाकघरात गेली. इबोम्चाने बटण बंद केलं. त्याचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. पोराने केवढ्या हौसेने घर घेतलं होतं!

तेव्हा कळलं की इमाने इथे आल्यापासून नातीला एकही गोष्ट सांगितलेली नाही. राख नाही, फुंगा नाही, म्हणून गोष्ट नाही. मी म्हटलं, असा काय बाई हट्ट! पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी.

स्वयंपाकघरात तिने माझ्यासाठी इरोंबा करायला घेतला. उकडलेल्या भाज्या, लाल मिरच्या आणि ङारी नावाची आंबवलेली मासळी, असं सगळं कुटून केलेलं. ङारी इंफाळहून सात पिशव्यांत गुंडाळून आणलेली. तव्यावर ती जराशी भाजायची असते. भाजली आणि छतावरचा स्मोक अलार्म जो काही कोकलायला लागला! कुत्री भुंकायला लागली, शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला. इबोम्चा खुर्ची शोधतोय, लिन्थोई कानांवर हात ठेवून हसतेय, आणि मी झाडू उलटा धरून त्या गोल डबीला ठोसते आहे. शेवटी तो गप्प झाला, पण डबी लोंबकळायला लागली. इमा शांतपणे कुटत होती. मग जेवलो. नाकातोंडातून पाणी काढणारं तिखट! मी नागपूरची, सावजी खाऊन वाढलेली, पण इमाच्या इरोंब्यापुढे हात टेकले. तरी दोनदा मागून घेतला.

रस्ता चुकलो तो दिवस

दुसऱ्या दिवशी इबोम्चाने अर्धी सुट्टी घेतली. तळ्यावर जाऊ म्हणाला. खरं म्हणजे त्याला इमापासून लांब, गाडीत माझ्याशी बोलायचं होतं, पण इमाही आली आणि लिन्थोईही. तेव्हा सगळेच गप्प. मला गप्प बसवत नाही. मी लिन्थोईला म्हटलं, चल, तुला तुझ्या आजीची एक गोष्ट सांगते. आजी फुंग्याशिवाय सांगत नाही ना, मग मी सांगते. मला कसला फुंगा!

गोष्ट ताप्ताची, म्हणजे त्यांच्याकडच्या बागुलबुवाची. एक मूल रडत असतं, आई म्हणते, गप, वाघ येईल. मूल रडतच राहतं. वाघ खरंच बाहेर बसलेला असतो. आई म्हणते, गप, ताप्ता आला! मूल चटकन गप्प. वाघ घाबरतो, हा ताप्ता माझ्याहून भयंकर दिसतो! तेवढ्यात अंधारात एक चोर गुरं चाचपत येतो आणि गाय समजून वाघाच्याच पाठीवर बसतो. वाघाला वाटतं, बसला ताप्ता मानगुटीवर! आणि तो धूम पळतो, पाठीवर चोर.

लिन्थोई मध्ये मध्ये "ओके, सो?" करत होती. मी म्हटलं, असं नाही, थांबले की "होइ" म्हणायचं. मग ती म्हणायला लागली. पुढच्या सीटवरून इमा मान न वळवता ऐकत होती आणि वाघ पळाल्यावर खांदे हलवून हसली.

"काकू," इबोम्चा एकदम म्हणाला, "आपण कुठे आलो?"

समोर टोलचा रस्ता संपून मातीचा सुरू झालेला. एका फाटकापुढे गाडी थांबवली तर पलीकडे लांबच लांब शिंगांचे बैल. तळं कुठेच नाही. त्याने छापून आणलेला नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"दिवसाढवळ्या गोष्ट सांगितली ना मी," म्हटलं. "आमच्याकडे लहानपणी दटावायचे, दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो."

"मामा नाही काकू, बापच चुकला इथे." तो हसला, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

परतताना संध्याकाळ झाली. दूध घ्यायला एका सुपरमार्केटपाशी थांबलो. तिथल्या तारांवर काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे, शेकडो, सगळे एकदम किंचाळतायत. ग्रॅकल म्हणतात त्यांना. लोक गाड्यांवर विष्ठा पडेल म्हणून पळत होते. इमा मात्र गाडीतून उतरून डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहिली आणि वर बघत बसली. इबोम्चाने दोनदा हाक मारली तरी तिचं लक्ष नाही. शेवटी हात धरून आणली. त्याने तिला सीटबेल्ट लावून दिला, लहान पोराला लावतात तसा.

टरफलं

मी तिसऱ्या दिवशी दुपारी तोंड उघडलं. जी कामगिरी दिली ती पार पाडायला हवी ना. इमा अंगणात बसून टरफलं निवडत होती. घरामागे पेकनचं एकच मोठं झाड होतं, वस्तीच्याही आधीचं. त्याची फळं अक्रोडासारखी. इमा ती वेचून गर लिन्थोईला द्यायची आणि टरफलं एका पोत्यात जमवायची. पोतं गच्च भरलेलं. मला आधी वाटलं, म्हातारपणाची साठवणूक, दुसरं काय.

"इमा, राहा ना इथे," मी म्हटलं. "लेक चांगला आहे, सून चांगली आहे. तिकडे कोण आहे तुझं?"

"तू राहतेस का?" तिने विचारलं.

मी एक टरफल उचलून पोत्यात टाकलं.

"इबोम्चा वाईट असता तर मी राहिले असते," ती म्हणाली. "भांडायला काम मिळालं असतं. तो चांगला आहे. सकाळी निघताना मला बघतो, संध्याकाळी आल्यावर बघतो. दिवसभर ऑफिसात बसून घाबरतो, मला काही झालं तर. मी इथे आहे म्हणून घाबरतो, तिथे गेले तरी घाबरेल. तिथे माझा फुंगा दीड वर्ष थंड आहे. शेजारीण दिवा लावते, पण फुंगा दुसऱ्याने पेटवायचा नसतो." मग ओंजळभर टरफलं वर उचलून तिने ती बोटांमधून गळू दिली. "तुसासारखी जळतात ही. हळूहळू. मी एकदा पाहिलं जाळून. आज संध्याकाळी गोष्ट सांगते."

माझा जीव टांगणीला लागला. सत्तावीस वर्षांची अडलेली गोष्ट!

अंगणात बार्बेक्यूची लोखंडी शेगडी होती, तिची खालची थाळी आम्ही फरशीवर मांडली. इमाने कागद पेटवून त्यावर टरफलं ओतली. आधी नुसता धूर, मग आतून लाल धग. ती फुंकर मारेना, नुसती बसून राहिली. हळूहळू वर पांढरी राख धरली. तेव्हा तिने राखेत दोन रताळी पुरली आणि लिन्थोईला जवळ घेतलं. मेमचा ड्यूटीवर होती. शेजारचा माणूस पुन्हा डोकावला, "एव्हरीथिंग ओके?" म्हणाला. लिन्थोईने त्याला सांगितलं, "इट्स माय ग्रँडमाज स्टोरी." तो बिचारा "ओह" म्हणून गेला.

इमा मैतेईत सांगत होती, मला अधूनमधून हिंदीत. सावत्र आई आली. "होइ," लिन्थोई म्हणाली. पक्षी वरून गेले. "होइ." मुलीने हात जोडले, एकेक पीस टाका. "होइ." लिन्थोईच्या आवाजात आधी थट्टा होती, ती गेली. पिसं शिवताना बोटांना सुई टोचली, तेव्हा ती स्वतःच्या बोटांकडे बघायला लागली.

इबोम्चा आत भारतातल्या टीमशी फोनवर होता. कानाला हेडसेट लावलेला, तसाच बोलत बोलत तो काचेच्या दाराशी आला. थांबला. फोन म्यूट केला. दार सरकवून उंबऱ्यावर उभा राहिला.

इमा सांगत होती. बाप परत आला. लेकीसाठी कपडे घेऊन आला. लेक घरात नाही. झाडावर बघतो तर मोठा पक्षी. त्याने ओळखलं. "ये खाली," तो म्हणाला. "मी आलोय. ये खाली." इमाने हाक मारून दाखवली, खऱ्याखुऱ्या आवाजात, वर पेकनच्या झाडाकडे बघून.

मग ती थांबली.

लिन्थोईने "हो—" म्हणायला तोंड उघडलं. इमाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला अडवलं आणि उंबऱ्याकडे पाहिलं.

इबोम्चाला सगळं आठवत होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते ना, कळत होतं. टरफलं फुटून आवाज झाला.

"इमा, कॉल वेटिंग आहे," तो म्हणाला आणि आत गेला. दार सरकवून बंद केलं.

"डॅड!" लिन्थोई ओरडली. "व्हॉट हॅपन्ड टू द गर्ल?"

इमाने राखेतून रताळी काढली, सोलली, आम्हा दोघींच्या हातात दिली. गोष्ट राहिली. मी रागाने तडक आत गेले. तो खुर्चीवर बसला होता, फोन केव्हाच बंद केलेला.

"एक शब्द म्हणायला काय जात होतं रे तुझं?" मी म्हटलं.

"काकू, मला माहीत आहे पुढे काय होतं," तो म्हणाला. "म्हणूनच नाही म्हटलं." आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? तिला समजावायला त्याने मला बोलावलं होतं, आणि इथे त्यालाच कुणी समजावायला नव्हतं. तिकीट रद्द करायला मी इमाला सांगणार नाही, एवढंच त्याला सांगितलं.

विमानतळ

शनिवारी सकाळी मला वाटत होतं, हा शेवटच्या क्षणी विमान कंपनीला फोन करणार. नाही केला. त्याने बॅगा स्वतः खाली आणल्या. राहिलेलं टरफलांचं पोतं इमाने लिन्थोईला दिलं आणि कसं पेटवायचं, ते सांगितलं. माझं सॅन होजेचं विमान त्यानंतरचं होतं, म्हणून मीही गाडीत.

तपासणीच्या रांगेपुढे जायची तिकीट नसलेल्यांना बंदी. इमाला व्हीलचेअर मिळाली होती, ती ढकलायला एक उंच माणूस. इबोम्चा सूचना देत सुटला. गोळ्या कुठे आहेत, कोलकात्याला मेमचाचा भाचा येणार आहे, कर्फ्यू असेल तर बाहेर पडायचं नाही, शेजारणीचा नंबर कागदावर मोठा लिहिलाय. इमा हो हो करत होती. मेमचाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं, लिन्थोई खुर्चीला बिलगून उभी. व्हीलचेअरवाल्याने हातातलं घड्याळ पाहिलं.

इमाने मान वळवून इबोम्चाकडे पाहिलं. "बाप अजून झाडाखाली उभा आहे रे," ती म्हणाली. "हाक मारून घसा सुकला त्याचा."

तो तिथेच थबकला. आजूबाजूला लोक बूट काढतायत, पट्टे काढतायत, ट्रे सरकतायत. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या एवढ्या थोरल्या माणसाचा हात वर गेला आणि तोंडावर बसला. तसाच. इंफाळला सहा-सात वर्षांचा होता तेव्हा बसायचा तसाच.

मग त्याने हात काढला.

"होइ," तो म्हणाला. "होइ, इमा."

इमाचा चेहरा असा काही उजळला! ती घाईत होती, खुर्ची हलायला लागली होती, पण तिने गोष्ट पुरी केली, अर्धी मैतेईत, अर्धी हिंदीत. मी जशी ऐकली तशी सांगते.

"बापाने पाहिलं, पिसं आता अंगात रुजली होती. ओढली असती तर रक्त आलं असतं. तेव्हा त्याने हाक मारायचं थांबवलं. म्हणाला, जा बाळ, पण जाताना आपल्या छपरावरून जा. ती उडाली. मग तो घरी गेला आणि त्याने फुंगा पेटवला, वरून जाणाऱ्याला धूर दिसावा म्हणून."

आणि खुर्ची वळली. लिन्थोई "होइ! होइ!" ओरडत राहिली, गुलाबी बूट दिसेनासे होईपर्यंत.

सॅन होजेला निखिल घ्यायला आला. भर दुपार, टळटळीत ऊन. गाडीत बसल्याबरोबर त्याने विचारलं, "मग? काय झालं तिकडे? राहिल्या का त्या?"

मी म्हटलं, गोष्ट सांगते, पण थांबले की "हूं" म्हणायचं. त्याला गंमत वाटली. सावत्र आई आली. "हूं." पक्षी आले. "हूं." पिसं शिवली. "हूं." बाप झाडाखाली उभा राहिला आणि हाका मारू लागला. मी थांबले.

निखिल गाडी चालवत राहिला. त्याच्या लक्षात आलं होतं, मी कुणाची गोष्ट सांगतेय ते. सनीव्हेलचा एक्झिट आला आणि मागे गेला, तरी त्याने गाडी वळवली नाही. पुढचा एक्झिट गेला. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हूं," तो म्हणाला.